गवंडीणबाईंचं कोरं लॉगिन

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर मोठ्या मशीनची खोली होती आणि तिला लागून एक चिंचोळी खोली. मशीनना गारवा लागतो, म्हणून त्या चिंचोळ्या खोलीत बसणाऱ्या माणसाच्या नशिबीही गारवाच. तिथे बसणाऱ्या बाई भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला बसत, आणि कुणी घाम पुसत दारात आलं की हा कुठून आला बुवा, अशा नजरेने त्याच्याकडे बघत.

वरच्या मजल्यांवरची शास्त्रज्ञ मंडळी त्यांना पाठीमागे गवंडीणबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शास्त्रज्ञांना लागणारं सॉफ्टवेअर दुकानात तयार मिळत नाही. जगाच्या पाठीवर कुठेतरी कुणीतरी ते लिहितं आणि लिहिलेला मजकूर, म्हणजे सोर्स कोड, जसाच्या तसा सगळ्यांसाठी ठेवून देतं. ज्याला हवं त्याने तो उचलायचा आणि आपल्या मशीनवर बांधून घ्यायचा. म्हणजे विटा फुकट, घर ज्याचं त्याने उभारायचं. बरं, विटाही पुऱ्या नसतात. एका सॉफ्टवेअरला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि त्या तिसऱ्याचा कर्ता हे सगळं सोडून कुठल्याशा खेड्यात मासे पाळत बसलेला असतो. हे बांधकाम करायचं, अडलं तर का अडलं ते शोधायचं आणि उभं करून द्यायचं, हे बाईंचं काम. त्यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

"बाई, सगळं करून बघितलं, नाहीच होत," म्हणत एखादा प्राध्यापक रडकुंडीला येऊन उभा राही. सगळं म्हणजे काय, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघितलेली असे.

"काय म्हणतंय?"

"थांबलं म्हणतंय."

"ते शेवटचं झालं हो. पहिलं कुठे अडखळलं ते दाखवा."

आणि बाई पडदा वर वर सरकवत नेत. बांधकाम फसलं की मशीन शेकडो ओळी ओकतं. माणूस घाबरून शेवटची ओळ वाचतो. बाई म्हणत, खरी चूक वरती कुठेतरी एकटी बसलेली असते; खालचे सगळे नुसते रडायला जमलेले नातेवाईक. वर जाऊन तिला गाठलं की खालची रडारड आपोआप थांबते.

त्यांचं आणखी एक वाक्य संस्थेत सगळ्यांना पाठ होतं, इतकं की जेवणाच्या सुट्टीत एक उंच प्राध्यापक त्यांचा आवाज काढून ते म्हणून दाखवत असत. "तुमच्या घरी चालतं म्हणजे चालतं असं नाही." माणसाच्या लॉगिनमध्ये वर्षानुवर्षांचं सामान साठलेलं असतं. नवं काही बांधायला घेतलं की ते न सांगता त्यातलं काहीबाही उचलून वापरतं. मालकाला पत्ताही लागत नाही, त्याला वाटतं आपलं काम चोख झालं. तेच दुसऱ्याच्या मशीनवर नेलं की कोसळलं. म्हणून दुसऱ्याला काही द्यायचं तर आधी कोऱ्या लॉगिनमध्ये बांधून बघायचं, जिथे आपली म्हणावी अशी एक वस्तू पडलेली नाही. बाईंनी अशा तपासणीसाठी एक कोरं लॉगिन मुद्दाम करून ठेवलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या अभिमानाचं काय झालं, तीच ही गोष्ट.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारणारी माणसं विचारून दमली. बाई उत्तर टाळून काही दमल्या नाहीत. थोरली बहीण इस्पितळात नर्स होती, मेहुणे फिरतीच्या नोकरीवर. बहिणीच्या पाळ्या वेळीअवेळी, त्यामुळे तिची एकुलती एक मुलगी शाळा सुटली की थेट मावशीच्या ऑफिसात यायची. दप्तर टेबलाखाली, बूट दाराशी आणि स्वारी स्टुलावर. खोडरबर, पेन्सिलींचे तुकडे, क्लिपा, जे हाताला लागेल ते ती कुठे कुठे दडवून ठेवायची आणि साफ विसरून जायची. म्हणून तिचं नाव पडलं खारू. अजूनही टेबलाचा खण पुरता बाहेर ओढला तर मागून एखादा वाळलेला खोडरबर निघतो. बाई तो परत आत ठेवून देतात.

मावशीच्या मांडीला मांडी लावून बसून खारू एरर वाचायला शिकली. "वर जा, आणखी वर," असं तिचं ती पुटपुटायची आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवायची. बोटाचा ठसा काचेवर उमटायचा. दुसऱ्या कुणाचा उमटला असता तर बाईंनी त्याला धारेवर धरलं असतं.

कॉलेजात गेल्यावर तिने समुद्राच्या लाटांचा विषय घेतला. त्याला मोठं मशीन हवं आणि बाहेरच्या मुलांना ते मिळत नसे. तेव्हा बाईंनी नियम धाब्यावर बसवून तिला आपलंच लॉगिन वापरायला दिलं. खारूने त्यात स्वतःच्या नावाचं फोल्डर केलं आणि सवयीप्रमाणे त्यात कुठून कुठून आणलेली सॉफ्टवेअर दडवून ठेवली. आता, लॉगिन केल्याबरोबर मशीन आधी एक छोटीशी फाइल वाचतं. या माणसाच्या वस्तू कुठे आहेत, काही शोधायचं तर आधी कुठे बघायचं, असलं त्यात लिहिलेलं असतं. सुरुवातीची फाइल म्हणतात तिला. खारूने त्या फाइलमध्ये आपल्या दोन ओळी घुसडल्या. एकीत मशीनला सांगितलं की काहीही हवं असेल तर आधी माझ्या फोल्डरमध्ये बघ. दुसरी मशीनसाठी नव्हतीच.

बाईंना मुतखड्याने एकदा आडवं केलं होतं. गार खोलीत तहान लागत नाही, बाटली भरलेली तशीच राहते. डॉक्टर सांगून थकले, बहीण ओरडून थकली. खारूने ओरडण्यात वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी लॉगिन केलं तर पडद्यावरच्या, मशीनला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत पहिलीच ओळ आली: मावशी, पाणी प्यायलीस का?

बाई हसल्या आणि प्यायल्या. पुढे खारूचं शिक्षण झालं, ती दूरच्या शहरात संशोधनाला गेली, पण ती ओळ रोज सकाळी येत राहिली. वापरात नसलेलं सामान काढून टाका, असा फतवा संस्थेत अधूनमधून निघे. बाई इतरांच्या मागे लागून त्यांचं काढायला लावत, आणि स्वतःच्या त्या फोल्डरपाशी आल्या की पुढे सरकत.

खारू गेली तेव्हा फोन पुष्कळ यायचे. नवी जागा, नवी मशीन, काही ना काही अडायचंच. "मावशी, आलाय बघ एक," अशी सुरुवात व्हायची आणि मग दोघी दोन गावांत बसून एकाच पडद्याच्या वर वर चढत जायच्या. मधेच ती काय जेवली ते कळायचं, खोकला झालाय हे कळायचं, घरमालकीण खडूस आहे हे कळायचं. एरर सुटला की फोन संपायचा. बाई कधी कधी लवकर सुटणारा एररही जरा सावकाश सोडवत, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पण मुलगी शिकवलेली होती ना. हळूहळू ती आपले एरर आपण सोडवायला लागली. फोन विरळ झाले. थोरलीकडे मात्र तिचा फोन दर रविवारी जायचा, आणि थोरली सहज बोलून जायची, "खारूचा आला होता. म्हणत होती, केस कापलेत."

"हो का? मला नाही बोलली."

"तुला नाही केला? अगं, कामात असते गं ती."

बाई हो म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. थोरलीचं काही चुकत नव्हतं, खारूचंही नव्हतं. आईला फोन करायला कारण लागत नाही. मावशीला लागतं. बाईंच्या वाट्याला जे कारण आलं होतं ते त्यांनीच तिला स्टुलावर बसवून, एकेक ओळ करत शिकवून संपवलं होतं. रस्त्यातून जाताना एखादी मुलगी पाठमोरी दिसली की त्यांची पावलं आपोआप रेंगाळायची, आणि मग स्वतःचाच राग येऊन त्या भराभर चालायला लागायच्या.

अशात एके दिवशी खारूचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. समुद्रावर जाणाऱ्या संशोधन जहाजावर तिची निवड झाली होती, कित्येक महिन्यांसाठी.

"मावशी, माझी लाटांची पद्धत वापरणार आहेत. रोजची मोजमापं जहाजावरच तपासायची आणि त्यावरून उपकरण उद्या कुठे सोडायचं ते ठरवायचं. पण समुद्रात नेट नाही. दिवसातून एकदा कप्तानाच्या ऑफिसातून चार ओळी जातात, बस. सगळं सामान एका गठ्ठ्यात लागेल. काही कुठून उतरवून घ्यायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. असं कोण बांधून देईल, सांग."

"बघते," बाई म्हणाल्या. बघते म्हणजे काय, त्यांनी पेन उचललंसुद्धा होतं.

त्या गठ्ठ्यावर बाईंनी जीव ओतला. कुठलं आधी, कुठलं नंतर, काय जहाजाच्या मशीनवर आधीपासून असेल आणि काय बरोबर न्यावं लागेल, प्रत्येक पायरीवर काय दिसायला हवं, सगळं सरळ भाषेत लिहिलं. जसजसं ते काम पुरं होत गेलं तसतसं त्यांच्या ध्यानात यायला लागलं की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. हे इतकं नीट झालं तर पोरगी पुन्हा कधी काही विचारणार नाही. एखादी पायरी अर्धवट सोडली तर? विचार आला, नाही असं नाही. पण बाईंचा हात तसा वळणारा नव्हता. उलट त्या दिवशी त्यांनी सगळं पहिल्यापासून आणखी एकदा तपासलं.

मग कोरं लॉगिन उघडून गठ्ठा तिथे बांधून बघितला. एका दमात उभा राहिला. बाईंनी तो पाठवून दिला, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि उगाचच खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी गाडी पुसत होतं.

जहाज सुटायच्या आदल्या दिवशी सकाळी फोन वाजला. "मावशी, आलाय बघ एक."

बाईंना आधी आनंद झाला, आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. पोरीचं अडलंय आणि आपण खूश होतोय.

"काय म्हणतंय? शेवटचं नको, पहिलं सांग."

"पहिलं म्हणजे, म्हणतंय की या फायली भविष्यकाळातल्या आहेत."

"मशीनचं घड्याळ मागे असेल. घड्याळ लाव आणि पुन्हा कर."

घड्याळ खरंच मागे होतं. जहाजावरचा संगणकवाला म्हणाला, आम्ही बंदरागणिक वेळ बदलतो, मशीनचं कुणाच्या लक्षात राहतं. खारू हसली, बाईही हसल्या. क्षणभर जुने दिवस आल्यासारखं वाटलं. पण घड्याळ लावल्यावर फायलींची तक्रार गेली आणि खरी चूक पुढे आली. सगळे तुकडे तयार झाले होते. शेवटी ते एकमेकांना जोडताना मशीन म्हणत होतं की यातलं एक काम करणारा तुकडा मला कुठेच सापडत नाही. मोजमापांच्या फायली वाचणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरनी उसन्या घ्यायच्या तयार तुकड्यांची पेटी होती, त्यातला तो तुकडा. ती लायब्ररी सगळ्याच मशीनवर आधीपासून असते, म्हणून बाईंनी ती गठ्ठ्यात घातली नव्हती.

"तुमच्याकडची लायब्ररी मोडकी दिसते. पुन्हा बसवा."

पुन्हा बसवली. तेच. दोघींकडच्या लायब्ररीचा क्रमांक ताडून बघितला, अगदी एकच निघाला. बांधणारं साधन बदलून बघितलं, तेच. दुपार टळून गेली. बंदरावरचं नेट मधे मधे तुटत होतं, फोनमध्ये साखळ्यांचा खडखडाट आणि माणसांची हाकाहाक ऐकू येत होती.

"मावशी, गठ्ठ्यातच काहीतरी राहिलंय."

"काही राहिलेलं नाही. मी कोऱ्या लॉगिनमध्ये बांधून बघितलंय."

"पण इथे होत नाहीये ना."

"मग तिथलं काहीतरी आहे. नीट बघ."

"तू माझं ऐकतच नाहीयेस." खारूचा आवाज चढला. "आमचे प्रमुख म्हणतात, संध्याकाळपर्यंत झालं नाही तर दुसऱ्या गटाचं तयार सॉफ्टवेअर घ्या. म्हणजे माझी पद्धत गेली. मग मी समुद्रात जाऊन काय करू, लाटा मोजू बोटांवर?"

फोन तुटला की तिने ठेवला, कळलं नाही. खारू त्यांच्याशी या आवाजात कधी बोलली नव्हती. इतके दिवस आपण तिच्या फोनची वाट बघितली आणि आला तो असा.

मग आपलंच वाक्य त्यांना आठवलं. पहिलं कुठे अडखळलं. खारूचा पडदा तर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचून घेतला होता. आपला? आपलं बांधकाम एका दमात उभं राहिलं होतं, म्हणून त्यातली एक ओळ त्यांनी वाचली नव्हती. फसलेल्या कामाच्या ओळी सगळे वाचतात, जमलेल्या कामाच्या कोण वाचतो?

बाईंनी कोऱ्या लॉगिनमधल्या त्या यशस्वी बांधकामाच्या ओळी काढल्या आणि पडदा अगदी वर नेला. तिथून एकेक ओळ वाचत खाली आल्या. हे सापडलं, ते सापडलं, अमुक इथे, तमुक तिथे. मोजमापं वाचणारी लायब्ररी: सापडली. आणि पुढे ती कुठे सापडली त्याचा पत्ता. त्या पत्त्यात खारूचं नाव होतं.

बाईंनी डोळे मिटले. त्यांना सगळं एका झटक्यात कळलं.

कोरं लॉगिन त्यांनी पहिल्यांदा उघडलं होतं तो दिवस त्यांना आठवला. खारू जाऊन फार दिवस झाले नव्हते. काळी खिडकी उघडली आणि तिच्यात काहीच आलं नाही. पाणी प्यायलीस का हेही नाही, काहीच नाही. ती खिडकी इतकी मुकी वाटली की बाईंना तिच्यासमोर बसवेना. त्यांनी आपली सुरुवातीची फाइल उचलून तिथे ठेवली. फक्त त्या एका ओळीसाठी. पण ओळीबरोबर तिची जुळी बहीणही आली: काहीही हवं असेल तर आधी माझ्या फोल्डरमध्ये बघ. तेव्हापासून कोरं लॉगिन कोरं नव्हतंच. बाईंनी खारूचा गठ्ठा खारूच्याच जुन्या सामानावर उभा केला होता. फोल्डरमधली लायब्ररी कॉलेजच्या काळातली, जुनी. तिच्यात तो तुकडा होता. नव्या आवृत्तीत तो काढून टाकलेला. संस्थेच्या मशीनवर नवीच होती, जहाजावरही नवीच होती, आणि बाई क्रमांक ताडून बघत होत्या तो संस्थेच्या त्या नव्या लायब्ररीचा, जिचा वापरच झाला नव्हता.

एखाद्या नवख्याने ही चूक केली असती तर बाईंनी त्याला आठवडाभर सोडलं नसतं.

त्यांनी कोऱ्या लॉगिनमधली ती फाइल काढून टाकली आणि खिडकी पुन्हा उघडली. काही आलं नाही. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. बाईंनी लगेच गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला. शेवटी जोडणीपाशी मशीन थांबलं आणि म्हणालं, एक तुकडा कुठेच सापडत नाही. खारूच्या पडद्यावर होता तोच एरर, शब्दाला शब्द. तो बघून बाईंना हायसं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा दोघींना एकच गोष्ट दिसत होती.

त्यांनी फोन लावला. पहिल्या खेपेला लागला नाही, दुसऱ्या खेपेला लागला.

"खारू, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

"काय सापडलं?" खारूचा आवाज थकलेला होता.

"तुझं जुनं फोल्डर. कॉलेजातलं. त्यातली लायब्ररी लागत होती."

"ते अजून आहे?"

"आहे."

"पण तू तर कोऱ्या लॉगिनमध्ये बघितलंस ना? तिथे माझं फोल्डर कसं दिसेल?"

इथे बाईंना खोटं बोलता आलं असतं. मशीनची काहीतरी गडबड, असं म्हटलं असतं तर पोरीने घाईत विचारलंही नसतं.

"मी माझी सुरुवातीची फाइल तिथे ठेवली होती. तुझी ती ओळ होती ना, पाणी प्यायलीस का, तिच्यासाठी. तिच्याबरोबर फोल्डरची ओळही गेली."

"ती ओळ अजून येते?"

"रोज सकाळी."

पलीकडे साखळ्या खडखडत होत्या.

"तुझी आठवण येते गं," बाई म्हणाल्या. "म्हणून ठेवली. त्यापायी तुझा दिवस वाया घालवला. आता जुनी लायब्ररी गठ्ठ्यात घालते आणि धाडते. ती तूच कुठूनतरी उतरवून ठेवली होतीस, आता शोधून मिळणार नाही. बरं झालं दडवलीस."

"मावशी," खारू म्हणाली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तिला हाक मारली. "पाठव तू. मी बघते." फोन बंद झाला.

बाईंनी जुन्या फोल्डरमधून लायब्ररी काढली, गठ्ठ्यात घातली, कोऱ्या लॉगिनमध्ये, खरोखरच्या कोऱ्या लॉगिनमध्ये, गठ्ठा बांधून बघितला. या वेळी ओळ न ओळ वाचली. कुठल्याच पत्त्यात खारूचं नाव नव्हतं. मग गठ्ठा पाठवला आणि वाट बघत बसल्या. ऑफिस सुटायच्या वेळी दोन शब्दांचा निरोप आला. झालं मावशी.

उंच प्राध्यापक घरी निघाले होते, ते दारातून डोकावले. "काय बाई, आज आवाज नाही?"

"माझ्या घरी चालत होतं," बाई म्हणाल्या. प्राध्यापकांना काही उमगलं नाही, ते हसून गेले.

घरी आल्यावर थोरलीचा फोन आला. खारूचं काम झालं, तिने मघाशी कळवलं म्हणे. अजून काही बोलली का, असं विचारायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. आपण बोलून बसलो आणि पोर अवघडली असेल, असं त्यांना वाटत राहिलं. जाताना एवढं ओझं तिच्या गळ्यात घालायची काय गरज होती? चार वर्षांच्या मुलीला सांगावं तसं बोललो, ती तर जहाजावर चालली आहे. जेवणाच्या टेबलावर एका कोपऱ्यात शाईचे डाग होते, खारूच्या गृहपाठाचे. बाईंनी ताट दुसऱ्या बाजूला घेतलं आणि जेवण उरकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या सुरुवातीच्या फाइलमधून फोल्डरची ओळ काढून टाकली. दुसरी राहू दिली.

दुपारी फोन वाजला. बाईंनी एका हाताने तो उचलला आणि दुसऱ्या हाताने काळी खिडकी उघडलीसुद्धा.

"काय आलं?"

"काही नाही आलं."

"मग कुठे थांबलंय? घड्याळ पुन्हा मागे गेलं का?"

"नाही गं. सगळं चालतंय."

"आकडे चुकतायत?"

"मावशी, एरर नाहीये."

बाईंचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. एरर नसलेल्या फोनवर काय बोलायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. पलीकडे वारा घोंघावत होता, माणसं एकमेकांना ओरडून काहीतरी सांगत होती.

"दोर सोडतायत," खारू म्हणाली. "आता थोड्या वेळात रेंज जाईल. म्हणून केला."

"आईला केलास?"

"तिला करणार होते. आधी तुला लावला."

"काही विसरलीस का बरोबर घ्यायचं? गठ्ठ्याची एक प्रत वेगळी ठेव."

"ठेवलीये. मावशी, काही काम नाहीये. असाच केलाय."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

जहाजाचा भोंगा वाजला. तो विरल्यावर खारू म्हणाली, "पाणी प्यायलीस का?"

नव्हत्या प्यायल्या. बाटली सकाळपासून भरलेली तशीच टेबलावर होती. बाईंनी फोन कान आणि खांद्यामध्ये धरला, झाकण फिरवलं आणि पलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने घोट घेत प्यायला लागल्या. रेंज मधेच केव्हातरी गेली असावी. बाई पूर्ण बाटली संपेपर्यंत थांबल्या नाहीत.